आप्पासाहेब भोसले : सीताबर्डीचा पराभव आणि त्यानंतर

नागपूरच्या भोसले घराण्याचा इतिहास वाचताना मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्याविषयी अभ्यासकाचे मत सहजासहजी स्थिर होत नाही. गादीवर असताना हा पुरुष कचरत राहिला. गादी गेल्यावर मात्र त्याने दोन दशकांहून अधिक काळ शत्रूपुढे मान तुकवली नाही. या विसंगतीकडे लक्ष ठेवूनच त्यांचे चरित्र वाचावे.

आप्पासाहेब हे दुसऱ्या रघुजींचे पुतणे. १८१६ मध्ये रघुजी वारले आणि त्यांचे दुर्बल पुत्र परसोजी गादीवर आले. कारभार हाती राहावा म्हणून आप्पासाहेबांनी त्याच वर्षी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. पुढील सर्व संकटांचे मूळ या तहात आहे. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा संशयास्पद मृत्यू झाला. आप्पासाहेब त्या वेळी नागपुरात नव्हते. तरीही खुनाचा ठपका त्यांच्यावर आला.

राज्य मिळताच तहाचा काच जाणवू लागला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांनी युद्ध आरंभले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रे दरबारात स्वीकारली. रेसिडेंट जेंकिन्सने सावध होऊन सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर फौज आणली. ती दीड हजारांच्या आतबाहेर होती. भोसल्यांचे सैन्य तिच्या कितीतरी पट होते. २६ च्या सायंकाळी लढाई पेटली ती रात्रभर चालली. सकाळी अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकली. याच वेळी कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात मुसंडी मारली, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि हाती आलेला विजय निसटला. सैन्य लढत असताना राजा मात्र युद्ध आपल्या आज्ञेने चालले आहे की नाही, हेच स्पष्ट करीत नव्हता. पराभवानंतर त्यांनी रेसिडेंटकडे खेद व्यक्त केला!

डिसेंबरमध्ये जनरल डव्हटन मोठी कुमक घेऊन आला. १६ तारखेला आप्पासाहेब इंग्रजांच्या छावणीत गेले. पण त्यांच्या सैन्याने तोफा सोडल्या नाहीत आणि पुन्हा लढाई झाली. शहरातील अरबांनी डव्हटनचा हल्ला परतवला आणि महिन्याच्या अखेरीस अटी ठरवूनच ते बाहेर पडले. इ.स.पू. ३९० च्या सुमारास अलिया नदीकाठी गॉल टोळ्यांपुढे रोमन सेना पळाली आणि रोम लुटले गेले. तेथे सेनेचा धीर आधी सुटला. नागपुरात तो राजाचा सुटला. रोमला सावरायला अवधी मिळाला, कारण गॉल निघून गेले. कंपनी निघून जाणारी नव्हती.

जानेवारी १८१८ च्या करारान्वये सत्ता रेसिडेंटच्या हाती गेली. मार्चमध्ये आप्पासाहेबांना कैद झाली. अलाहाबादकडे नेले जात असता मे महिन्यातील एका रात्री शिपायाच्या वेषात ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांच्या आश्रयास गेले. त्यांच्या बाजूने उठलेल्यांनी बैतूलच्या परिसरात कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापून काढली. गोरेगावच्या वाचकाला हा प्रसंग दूरचा वाटेल. पण आजच्या गोंदियाजवळील कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल हाही त्याच वर्षी आप्पासाहेबांसाठी उठला होता. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा घेतले आणि चिमणाच्या हातून जमीनदारी गेली. राजा पदच्युत झाल्यावर त्याच्यासाठी घरदार पणाला लावणारी ही माणसे इतिहासात एखाद्या ओळीपुरती येतात, हे खटकते.

एप्रिल १८१९ मध्ये असीरगड पडला, पण आप्पासाहेब तेथे सापडले नाहीत. पुढे ते रणजितसिंहाच्या पंजाबात व नंतर हिमालयाच्या डोंगराळ भागात राहिले आणि अखेरीस जोधपूरला आले. कंपनीने त्यांची मागणी केली. राजा मानसिंहाने शरणागताला सोपवण्यास नकार दिला. इकडे नागपुरात अल्पवयीन तिसरे रघुजी दत्तक म्हणून कधीच गादीवर बसवले गेले होते आणि कारभार जेंकिन्स पाहत होता. १८४० मध्ये जोधपूरमध्येच आप्पासाहेबांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांना पुन्हा नागपूर दिसले नव्हते.