सरासरीत न मावलेले देवधर
बँकेत जन्म आकड्यांत गेला. त्यामुळे रत्नागिरीत घरी एकदिवसीय सामना पाहतानाही माझे लक्ष सरासरीकडे आणि शंभर चेंडूंमागील धावांकडे असते. अशा वेळी प्रा. दि. ब. देवधर आठवतात. पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या या फलंदाजाने १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध १४८ धावा काढल्या. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये. तोवर देवधरांनी चाळिशी गाठली होती. कसोटी हुकलीच. तरी महाराष्ट्राला त्यांनी दोनदा रणजी करंडक मिळवून दिला. १९४४ मध्ये, वयाची ५२ वर्षे उलटल्यावर, एका सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. १९७३ मध्ये सुरू झालेल्या एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव मिळाले. त्या तक्त्यात त्यांची स्वतःची एकही धाव नाही. धावांना बाद होण्याने भागले की सरासरी निघते. त्या भागाकारात वय कुठे धरतात?