मास्टर विनायक : विनोदी चित्रपटाचा शेवट

विनोदी चित्रपटाचा शेवट समाधान देतो तो कशामुळे, हा प्रश्न आपण या पाठात एका दिग्दर्शकाच्या चरित्राच्या आधारे अभ्यासणार आहोत.

विनायक दामोदर कर्नाटकी ऊर्फ मास्टर विनायक यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापूर येथे झाला. ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात त्यांनी नारदाची भूमिका केली. १९३६ मध्ये बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी ‘हंस पिक्चर्स’ची स्थापना केली. संस्थेचा ‘छाया’ हा वि. स. खांडेकरांच्या कथेवरील चित्रपट गंभीर होता. विनोदाची वाट पुढे आचार्य अत्रे यांच्या कथांमुळे रुंदावली.

‘ब्रह्मचारी’ (१९३८) हे त्याचे ठळक उदाहरण. ब्रह्मचर्यावरील व्याख्यानाने भारावलेला औदुंबर नट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायाम करू लागतो आणि आश्रमसदृश संस्थेत दाखल होतो. तेथे किशोरी येते आणि व्रत डळमळते. औदुंबराची भूमिका स्वतः विनायकांनी, तर किशोरीची मीनाक्षी यांनी केली. संयम व देशसेवा यांना मोठा मान असलेल्या त्या काळात असा विषय हाताळणे जोखमीचे होते. हसे होणार ते आदर्शाचे की सोंगाचे, याचा निर्णय शेवटावरच अवलंबून होता. अखेरीस व्रतापेक्षा प्रेम बलवत्तर ठरते. हरते ते उसने अवसान. औदुंबर हा माणूस मात्र प्रेक्षकांना अधिकच जवळचा वाटतो.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, शेवटाचे बीज आरंभीच पेरलेले असते : चित्रे फेकणाऱ्या हातांतच व्रतभंगाची चाहूल आहे. दुसरी, गाठ योगायोगाने नव्हे, तर पात्राच्या स्वभावामुळे सुटते. चार्ली चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’मध्येही (१९३१) दृष्टी परत आलेली फुलवाली आपल्या उपकारकर्त्याला ओळखते ती त्याच्या हाताच्या स्पर्शाने, त्याच हाताने तिला पूर्वी मदत केलेली असते. वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याने उत्सवात पाहिलेला एखादा फार्स आठवावा. तेथेही हीच कसोटी लागू पडते.

‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) आणि चिं. वि. जोशी यांच्या लेखनावर आधारित ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटांनी विनायकांचा लौकिक वाढवला. १९४२ च्या सुमारास त्यांनी ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ उभारली. वडिलांच्या निधनानंतर घराचा भार पेलणाऱ्या कोवळ्या वयाच्या लता मंगेशकरांना तेथे काम मिळाले. स्वातंत्र्यानंतर चारच दिवसांनी, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी विनायकांचे निधन झाले. चित्रपटांना नेटका शेवट देणाऱ्या या कलावंताचे स्वतःचे आयुष्य असे अर्ध्यावर संपले. त्यांचा ‘मंदिर’ हा चित्रपट त्यांच्या पश्चात, १९४८ मध्ये प्रदर्शित झाला.

स्वाध्याय : आपण पाहिलेल्या एका विनोदी चित्रपटाच्या शेवटी माणूस हरतो की त्याचे सोंग, हे सोदाहरण लिहा.