विद्युत्-अभियंत्या ललिताबाई

सायंकाळ होताच मुकुंदवाडीतील घराघरांत दिवे लागतात, आणि शेजारच्या चिकलठाण्यातील कारखान्यांची यंत्रे रात्रीही चालू राहतात. ही वीज आपणांपर्यंत कोण आणून पोहोचवितो, असा प्रश्न केल्यास आपल्या दृष्टीसमोर बहुधा खांबावर चढलेला पुरुषच उभा राहतो. वीज, पाणी, पूल व आगगाडी ही पुरुषांची कामे होत, अशी समजूत समाजात दीर्घकाळ रूढ आहे. ज्या काळी ही समजूत जवळजवळ नियमासारखीच मानली जात असे, त्या काळी विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी संपादन करणाऱ्या भारतातील पहिल्या स्त्रियांत अग्रस्थानी असलेल्या अय्यलसोमयाजुला ललिताबाई यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी व पालकांनी मनन करण्याजोगे आहे.

ललिताबाईंचा जन्म इ. स. १९१९ च्या ऑगस्ट महिन्याच्या २७ तारखेस मद्रास येथे एका तेलुगू कुटुंबात झाला. त्यांचे वडील पप्पू सुब्बाराव हे गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत्शास्त्राचे प्राध्यापक होते. तत्कालीन रूढीस अनुसरून ललिताबाईंचा विवाह पंधराव्या वर्षी झाला. तथापि लग्नानंतरही वडिलांच्या आग्रहामुळे त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले. १९३७ साली त्यांच्यावर वज्राघात झाला. वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी त्यांना वैधव्य प्राप्त झाले. त्या वेळी त्यांची कन्या केवळ चार महिन्यांची होती.

त्या काळच्या विधवेची स्थिती काय होती, हे आपल्या आजी-पणजींच्या पिढीतील वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल. घराच्या एका कोपऱ्यात, दुसऱ्याच्या अन्नावर, उरलेले आयुष्य कंठावयाचे, हाच बहुतेकींच्या नशिबी आलेला मार्ग होता. ललिताबाईंनी मात्र स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निश्चय केला व पुढील शिक्षण आरंभिले. स्त्रियांना वैद्यकीचा मार्ग तत्पूर्वीच मोकळा झाला होता. आपल्या महाराष्ट्रातील आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्येच अमेरिकेत ती पदवी मिळविली होती. परंतु वैद्यास रात्री-अपरात्री रुग्णाकडे धावावे लागते, आणि तान्ह्या मुलीस सोडून जाणे ललिताबाईंस शक्य नव्हते. ठराविक वेळेचे काम असावे, या विचाराने त्यांनी पित्याच्या व भावांच्याच विद्येचा मार्ग पत्करला.

गिंडीचे महाविद्यालय पुरुषांचेच होते. सुब्बारावांनी मुलीसाठी प्राचार्य चाको यांचे मन वळविले, आणि शिक्षणखात्याच्या संचालकांचीही अनुमती मिळविली. शेकडो मुलांत आपली मुलगी एकटी पडेल, हे जाणून त्यांनी इतर मुलींसही प्रवेश खुला असल्याचे प्रसिद्ध करविले. त्यामुळे पी. के. थ्रेसिया व लीलम्मा जॉर्ज या दोन विद्यार्थिनी स्थापत्यशाखेत दाखल झाल्या. १९४३ साली ललिताबाईंचे शिक्षण पूर्ण झाले. त्यांच्या पदवीपत्रावर विद्यार्थ्यासाठी पुरुषवाचक सर्वनाम आधीच छापलेले होते. ते खोडून त्या जागी स्त्रीवाचक लिहावे लागले! स्त्री हे पत्र घेण्यास येईल, अशी कल्पनाही छापणाऱ्यास शिवली नव्हती.

पदवीसाठी जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात एक वर्षाची उमेदवारी करून त्यांनी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. नंतर सिमल्याच्या केंद्रीय मानक संस्थेत त्यांनी नोकरी केली, व काही काळ पित्याच्या संशोधनासही हातभार लावला. धूर न होणारी चूल हा त्या संशोधनाचाच एक विषय होता. १९४८ मध्ये त्या कलकत्त्यास असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत रुजू झाल्या. वीजवाहिन्यांचा आराखडा, उपकेंद्रांची मांडणी व संरक्षक साधनांची योजना ही कामे त्यांच्याकडे होती. सतलजेवरील भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत्-जनित्रांच्या कामातही त्यांचा वाटा होता.

या कामाचे महत्त्व थोडे विशद करणे इष्ट होईल. वीज तारांतून दूर नेताना तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो. तितकीच शक्ती उच्च दाबाने पाठविल्यास प्रवाह कमी लागतो. आणि प्रवाह निम्मा झाल्यास ही हानी चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून वीज प्रचंड दाबाने पाठवून गावाजवळील उपकेंद्रात तो दाब उतरवावा लागतो. तेथील आखणीत चूक झाल्यास यंत्रे जळतील व मनुष्यहानीही होईल. गणित बरोबर असले म्हणजे ते कोणाच्या हातचे आहे, याची वीज विचारपूस करीत नाही.

लंडनच्या विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेने १९५३ साली त्यांस सहसभासद व १९६६ साली पूर्ण सभासद करून घेतले. १९६४ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क येथे भरलेल्या स्त्री अभियंत्या व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस त्या उपस्थित होत्या. सुमारे तीन दशके सेवा करून त्या १९७७ मध्ये निवृत्त झाल्या, व १९७९ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १२ तारखेस, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

आज महावितरणात स्त्रियाही तंत्रज्ञ व अभियंत्या म्हणून काम करीत आहेत; तरी पुरुषांच्या मानाने त्यांची संख्या अद्याप थोडीच आहे. ललिताबाईंची बुद्धी व परिश्रम मोठे खरेच; परंतु महाविद्यालयाचे दार त्यांच्या एकटीच्या बळाने उघडले नाही. विधवा मुलीस कोपऱ्यात न बसविता जो पिता तिच्यासाठी अधिकाऱ्यांच्या भेटी घेता झाला, आणि आपल्या मुलीबरोबर इतरांच्या मुलींसाठीही ज्याने वाट मोकळी केली, त्याचे स्मरण प्रत्येक पालकाने ठेवावे. विद्यार्थिनींनीही गणिताच्या तासास मागल्या बाकावर न बसता पुढे यावे, कारण पहिलीचा मार्ग अत्यंत बिकट होता. तुमचा तितका बिकट राहिलेला नाही.