डॉ. चार्ल्स ड्रू : रक्त साठवायला शिकवणारा माणूस आणि त्याच्या मृत्यूची खोटी गोष्ट

एप्रिल लागला की आमच्या वस्तीत रक्तदान शिबिराची तयारी सुरू होते. १४ एप्रिलला डीजेवर पैसे उधळण्यापेक्षा शिबिर घ्यायचे, असे मंडळाने काही वर्षांपूर्वी ठरवले. विहाराच्या सभागृहात खाटा मांडल्या जातात, रक्तपेढीची गाडी येते, दाराशी चहा-बिस्किटांचे टेबल लागते. उद्घाटनाच्या भाषणात आम्ही दरवर्षी एक गोष्ट सांगत असू. अमेरिकेत एका कृष्णवर्णीय डॉक्टरने रक्तपेढीचा शोध लावला. पुढे त्याचा अपघात झाला, गोऱ्यांच्या दवाखान्याने त्याला दारातूनच परत पाठवले आणि ज्याने जगाला रक्त दिले तो रक्तावाचून मेला. गोष्ट संपली की सभागृह गप्प होई आणि नोंदणीच्या टेबलापुढे रांग लागे.

मागच्या वर्षी नर्सिंगला शिकणारी एक मुलगी भाषणानंतर जवळ आली आणि हे कुठे वाचले, असे तिने विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते. कोणीतरी सांगितले, ते आम्ही पुढे सांगत आलो होतो. ज्या विहारात आम्ही कालाम सुत्ताचा वर्ग घेतो, ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका असे मुलांना सांगतो, त्याच विहारात आम्ही ऐकीव गोष्ट माइकवरून सांगत होतो. मग आम्ही वाचायला बसलो. त्या गोष्टीचा शेवट खोटा निघाला. पण त्या माणसाचे खरे आयुष्य आमच्या भाषणापेक्षा कितीतरी मोठे निघाले.

चार्ल्स रिचर्ड ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. वडील घरोघर गालिचे बसवण्याचे काम करत. आईने शिक्षिकेचे शिक्षण घेतले होते. पाच भावंडांत चार्ल्स थोरले. राजधानीच्या या शहरात शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, राहण्याच्या वस्त्याही वेगळ्या. १९२० मध्ये त्यांची बहीण एल्सी गेली. तिला क्षय होता, त्यात फ्लूची साथ आली. घरातले माणूस आजाराने जाताना पाहणे आणि त्यावर काही करता न येणे काय असते, हे आपल्या वस्त्यांतल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

ड्रू खेळाडू म्हणून आधी गाजले. फुटबॉल आणि धावण्याच्या जोरावर त्यांना अ‍ॅमहर्स्ट कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. सुमारे ६०० विद्यार्थ्यांत तिथे १३ कृष्णवर्णीय होते. १९२६ मध्ये पदवी हाती आली, पण वैद्यकीय शिक्षणाला पैसे नव्हते. मग दोन वर्षे बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात त्यांनी खेळांची जबाबदारी सांभाळली, जीवशास्त्र-रसायनशास्त्र शिकवले आणि पैसे साठवले. १९२८ मध्ये ते कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले आणि १९३३ मध्ये १३७ जणांच्या वर्गात दुसरे आले. तिथेच जॉन बीटी नावाचे शिक्षक त्यांना भेटले. जखमी माणसाचे शरीर ढासळते ते का, आणि बाहेरून रक्त देऊन ते सावरते ते कसे, हा बीटी यांचा अभ्यासविषय होता. पुढे ड्रू यांनी आयुष्यभर हाच प्रश्न धरून ठेवला.

प्रश्न समजायला आधी रक्त समजले पाहिजे. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग फिकट पिवळ्या द्रवाचा, म्हणजे प्लाझ्माचा. बाकीच्यात मुख्यतः तांबड्या पेशी, आणि थोड्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट. तांबड्या पेशी फुप्फुसातून ऑक्सिजन उचलतात आणि साऱ्या शरीराला पोचवतात. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते, मग तिची जागा नवी घेते. प्लेटलेट जखमेवर गुठळी धरतात. प्लाझ्मातली प्रथिने पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतात, म्हणून वाहिन्या भरलेल्या राहतात आणि हृदयाला पुढे ढकलायला काही उरते.

आता मोठी जखम झाली किंवा अंग खूप भाजले, की वाहिन्यांतला हा साठा कमी होतो. शरीर लगेच तोंडमिळवणी करू लागते. हृदय जोरात धडधडते, कातडीकडे जाणाऱ्या वाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, घाम फुटतो. शरीर हातापायांचे रक्त काढून मेंदू आणि हृदय वाचवत असते. काही काळ हे चालते. साठा भरून निघाला नाही, तर रक्तदाब कोसळतो, पेशी ऑक्सिजनविना मरू लागतात, आणि एका टप्प्यानंतर रक्त दिले तरी उपयोग होत नाही. डॉक्टर याला शॉक म्हणतात. त्या टप्प्याच्या आत रक्त हाताशी हवे. पण ते साठवलेले असेल तरच हाताशी असणार.

१९३८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ड्रू न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. ज्या विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेच हे विद्यापीठ. इथे जॉन स्कडर यांच्याबरोबर ड्रू साठवलेल्या रक्तावर काम करू लागले. शरीराबाहेर काढलेले रक्त काही मिनिटांत गोठते. सायट्रेट मिसळले तर गोठत नाही, थंडीत ठेवले तर टिकते, पण किती दिवस? दिवस जातील तसे तांबड्या पेशींमधले पोटॅशियम बाहेर प्लाझ्मात झिरपते, पेशी फुटतात, आणि ते रक्त रोग्याला वाचवण्याऐवजी घातक ठरू शकते. कोणते रसायन, किती थंडी, किती दिवस, याचा एकेक हिशेब ड्रू यांनी मांडला. साठवलेल्या रक्तावरच्या या प्रबंधाला १९४० मध्ये डॉक्टरेट मिळाली. कोलंबियातून वैद्यकशास्त्राची ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी जन्मलेल्या मुलीचे नाव त्यांनी बेबे ठेवले. ब्लड बँकेची आद्याक्षरे बी. बी., त्यावरून हे नाव.

इथे आमच्या भाषणातली पहिली चूक दुरुस्त करू. रक्तपेढीचा शोध ड्रू यांनी लावला नाही. शिकागोच्या एका सरकारी रुग्णालयात १९३७ मध्येच रक्तपेढी सुरू झाली होती, आणि रशिया, स्पेनमध्ये त्याआधीपासून साठवलेले रक्त वापरले जात होते. ड्रू यांचे श्रेय वेगळे आहे. विखुरलेले ज्ञान त्यांनी गोळा केले, तपासले, आणि हजारो लोकांचे रक्त सुरक्षितपणे घेता येईल अशी शिस्त त्यातून बसवली.

या शिस्तीची परीक्षा लगेच झाली. १९४० मध्ये जर्मन विमाने ब्रिटनवर बॉम्ब टाकत होती. जखमींसाठी न्यूयॉर्कमधून प्लाझ्मा पाठवायचे ठरले आणि त्या कामाची वैद्यकीय जबाबदारी ड्रू यांच्याकडे आली. प्लाझ्माच का? कारण तो पूर्ण रक्तापेक्षा जास्त टिकतो आणि शॉकमधल्या माणसाच्या वाहिन्या भरून काढतो. शिवाय त्यात तांबड्या पेशी नसतात. अनेक दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला की गट जुळवत बसण्याची गरज जवळपास उरत नाही. मात्र एका बाटलीत जंतू शिरला तर सगळा साठा वाया जातो. म्हणून ड्रू यांनी सर्व रुग्णालयांना रक्त घेण्याची, प्लाझ्मा वेगळा करण्याची आणि जंतू तपासण्याची एकच पद्धत लावून दिली. जानेवारी १९४१ पर्यंत १४,५५६ जणांनी रक्त दिले आणि ५,००० लिटरहून अधिक प्लाझ्मा-द्रावण ब्रिटनला गेले. त्यानंतर अमेरिकन रेड क्रॉसने न्यूयॉर्कमध्ये कोरडा प्लाझ्मा मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचा प्रयोग सुरू केला. तोही ड्रू यांनीच उभा केला. रक्त गोळा करायला फिरत्या गाड्या त्याच काळात निघाल्या. आपल्या शिबिराला येणारी गाडी त्याच कल्पनेची आजची पिढी.

आणि मग तो नियम आला. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा लष्कराच्या इच्छेनुसार रेड क्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्त घ्यायचेच नाही असे ठरवले. ओरड झाल्यावर जानेवारी १९४२ मध्ये नियम बदलला. रक्त घेऊ, पण वेगळे ठेवू. पाणवठा वेगळा ठेवणाऱ्या समाजातून आलेल्या आपल्याला हा विचार लगेच ओळखू येतो.

याविरोधात ड्रू यांनी नोकरी सोडली, असेही आम्ही सांगत असू. तेही खरे नाही. एप्रिल १९४१ मध्येच ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात परतले होते आणि पुढे शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. पण या नियमाला कोणताही शास्त्रीय आधार नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितले. ते सांगण्याचा त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता. रक्तातला जो फरक जीव घेतो, तो गटाचा. हे गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले होते. ए गटाच्या गोऱ्याला त्याच्याच सख्ख्या भावाचे बी गटाचे रक्त चढवले तर तो मरू शकतो. त्याला ए गटाच्या, बाकी सगळ्या बाबतीत जुळणाऱ्या कृष्णवर्णीयाचे रक्त चालते. शरीर गट विचारते, कातडीचा रंग विचारत नाही. रेड क्रॉसने वेगळे रक्त ठेवण्याची पद्धत १९५० मध्ये बंद केली.

हॉवर्डमधली नऊ वर्षे ड्रू यांनी शस्त्रक्रिया शिकणारी नवी पिढी घडवण्यात घालवली. देशातल्या बहुतेक रुग्णालयांत कृष्णवर्णीय डॉक्टरांना सर्जन होण्याचे प्रशिक्षण मिळत नव्हते. स्थानिक वैद्यकीय संघटना त्यांना सदस्य करून घेत नसे, म्हणून राष्ट्रीय संघटनेचे दारही बंद. ड्रू यांनी १९४७ मध्ये याविरोधात पत्रे लिहिली. ते स्वतः शेवटपर्यंत सदस्य होऊ शकले नाहीत. भाषणात टाळ्या मिळवणारा हा भाग नाही. पण माणसे तयार करणे हेच त्यांना स्वतःचे मोठे काम वाटत होते.

आता मृत्यूबद्दल. १ एप्रिल १९५० रोजी ड्रू तीन डॉक्टरांसह मोटारीने अलाबामातील टस्कगी इथल्या वार्षिक वैद्यकीय शिबिराला निघाले होते. आदल्या दिवसाच्या कामाचा थकवा होता आणि रात्रभर प्रवास झाला होता. सकाळी आठच्या सुमारास, नॉर्थ कॅरोलिनात, गाडी चालवताना त्यांचा डोळा लागला. गाडी उलटली. त्यांना जवळच्या रुग्णालयात नेले. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना तपासले, उपचार सुरू केले आणि वाचवण्याचा प्रयत्न केला. मार इतका मोठा होता की काही उपयोग झाला नाही. वय होते ४५. उपचारात कसूर झाली नाही, असे सोबतच्या डॉक्टरांनी पुढे स्पष्ट सांगितले.

मग लोकांनी ही गोष्ट का रचली? स्पेन्सी लव्ह या इतिहासकार बाईंनी तिचा माग काढला आहे. त्याच वर्षी डिसेंबरात, त्याच परिसरात, मॅल्थियस एव्हरी नावाचा कृष्णवर्णीय तरुण अपघातात सापडला. तो विद्यार्थी होता, युद्धात सैनिक म्हणून लढून आला होता. त्याला मोठ्या रुग्णालयात नेले, पण कृष्णवर्णीयांसाठी ठेवलेल्या खाटा भरल्या होत्या म्हणून तिथून पुढे पाठवले. दुसऱ्या रुग्णालयात पोचल्यावर थोड्याच वेळात तो गेला. एव्हरीचे नाव कोणाला माहीत नव्हते, ड्रू यांचे सगळ्यांना होते. लोकांच्या तोंडी एकाचे मरण दुसऱ्याच्या नावावर लागले.

हे वाचून आम्हाला शरम वाटली ती एव्हरीची. अन्याय खरा होता, त्याचा बळीही खरा होता, आणि आम्ही वर्षानुवर्षे मोठ्या नावाच्या मोहात त्याला पुसत आलो. शिवाय चुकीचा तपशील सांगितला की विरोधक तो एक तपशील धरून सगळा अन्यायच खोटा ठरवतो. हा अनुभव आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला आहे.

आणि विषय जुना झालेला नाही. दोन वर्षांपूर्वी एका रुग्णासाठी आमच्या मंडळातला मुलगा रक्त द्यायला गेला, तेव्हा त्या रुग्णाच्या काकांनी त्याला रक्तगट विचारण्याआधी आडनाव विचारले. दुसऱ्या बाजूला, विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. आई आणि वडील दोघांकडून हा गुण आला की मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, आणि त्याला पुन्हा पुन्हा रक्त लागते. एकाकडूनच आला तर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या मुलुखांत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला, आफ्रिकेतही आणि आपल्याकडेही. तो डासाच्या मागे गेला, वर्णाच्या मागे नाही.

या वर्षी उद्घाटनाच्या भाषणात आम्ही खरी गोष्ट सांगितली, दोन्ही नावांसह. सभागृह पूर्वीसारखे गप्प झाले नाही, लोकांनी प्रश्न विचारले. वेळ लागला, पण रांग लागली. नर्सिंगची ती मुलगी या वेळी नोंदणीच्या टेबलावर बसली होती. संध्याकाळी गाडीत पिशव्या भरताना तिने एक पिशवी उचलून मुलांना दाखवली. वर गट होता, क्रमांक होता, तारीख होती. देणाऱ्याचे नाव कुठेच नव्हते.