अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा जन्म १८४७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. बहिऱ्या मुलांना शिकविता शिकविता त्यांनी ध्वनीचा अभ्यास केला. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. शरीरात ती कोठे दडली, ते कळेना. बेल यांनी विद्युत्‌यंत्र रचले. धातू जवळ येताच त्यास जोडलेल्या दूरध्वनीत आवाज उमटे. परंतु अध्यक्षांच्या शय्येवर क्षीण आवाज पुष्कळ जागी येऊ लागला. गादीखाली पोलादी तारांचे जाळे होते, हे मागाहून समजले. त्या पोलादानेच कान फसविले असावेत. शिवाय शोध उजव्या अंगास चालला होता आणि गोळी डाव्या अंगास होती! सप्टेंबरात अध्यक्ष निवर्तले. बेल मात्र खचले नाहीत. क्ष-किरणांपूर्वीच्या काळात त्यांची सुधारलेली शलाका शस्त्रवैद्यांच्या उपयोगी पडली. १९२२ साली बेल यांचे देहावसान झाले.