जिन्याच्या फॉर्म्युल्यामागचा माणूस

काही सूत्रं अशी असतात की सिव्हिलच्या मुलांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतात. त्यातलंच एक जिन्याचं : दोन राइजर अधिक एक ट्रेड बरोबर साधारण ६० सेंटिमीटर. (कॉम्प्युटर आणि मेकॅनिकलवाल्या मित्रांसाठी : राइजर म्हणजे पायरीची उंची, ट्रेड म्हणजे पाय ठेवायची रुंदी.) ड्रॉइंग शीटवर आम्ही राइजर १५ आणि ट्रेड ३० घेतो, बेरीज जमते, सर सही करतात, विषय संपतो! पण उंची दोनदाच का मोजायची? आणि बेरीज ६० च्या आसपासच का? याचं उत्तर शोधता शोधता मला फ्रांस्वा ब्लोंदेल भेटला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मराठीत लेख लिहायची फारशी सवय नाही. तरीही या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं, म्हणून हा प्रपंच.

ब्लोंदेलचा जन्म १६१८ साली उत्तर फ्रान्समधल्या रिबमों गावी झाला. गंमत म्हणजे हा माणूस सुरुवातीला आर्किटेक्ट नव्हताच. तो होता सैनिक, गणिती आणि राजाचा वकील. १६५२ ते १६५५ या काळात एका तरुण सरदारपुत्राचा शिक्षक म्हणून तो युरोपभर फिरला. पुढे पॅरिसला गणिताचा प्राध्यापक झाला, सरकारी कामगिरीवर थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाऊन आला. गॅलिलिओने बीमच्या ताकदीबद्दल जे मांडलं होतं त्यावर वाद घालायलाही तो कचरला नाही. म्हणजे आपल्याला एसओएममध्ये छळणाऱ्या बीमशी त्याचीही झटापट झाली होती!

त्याचं मला सर्वांत आवडलेलं काम रोशफोरचं. चौदाव्या लुईच्या आरमारासाठी तिथे दोर वळायचा कारखाना हवा होता. जहाजाचे लांबलचक दोर एका सरळ रेषेत वळावे लागतात, म्हणून इमारतही तशीच लांब : ३७४ मीटर! आणि जागा कुठे, तर शारांत नदीकाठच्या दलदलीत. पायाखाली ओकच्या तुळयांची जाळी अंथरून तिच्यावर ही इमारत १६६६ ते १६६९ मध्ये उभी राहिली. आजच्या भाषेत ग्रिलेज फाउंडेशन. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली ती जाळली गेली, पण नंतर दुरुस्त केली आणि आजही उभी आहे.

पॅरिसमध्ये १६७२ साली त्याने राजाच्या विजयांसाठी पोर्त सँ-दनी ही सुमारे २५ मीटर उंचीची कमान बांधली. त्याच्या आदल्या वर्षी, १६७१ मध्ये, मंत्री कोल्बेरच्या पुढाकाराने वास्तुकलेची राजेशाही अकादमी निघाली होती. तिचा पहिला डायरेक्टर ब्लोंदेलच. तिथे दिलेली लेक्चर्स त्याने १६७५ ते १६८३ या काळात ग्रंथरूपाने छापली. (पुढच्या शतकातला झाक-फ्रांस्वा ब्लोंदेल हाही आर्किटेक्चरचा नामवंत शिक्षक, पण तो वेगळा. गोंधळ करू नये.)

याच ग्रंथात आपला जिना आहे. त्याआधी नियम नव्हते असं नाही. रोमन लेखक विट्रुव्हियसने ३-४-५ च्या त्रिकोणावर जिना बसवायला सांगितलं होतं. देवळाच्या पायऱ्या विषम असाव्यात, म्हणजे उजवं पाऊल पहिल्या पायरीवर पडेल आणि वरही तेच पोचेल, हेही त्याचंच. (आपल्याकडेही पायऱ्या विषमच हव्यात म्हणणारे आजोबा घरोघरी आहेत!) पण ब्लोंदेलने त्रिकोणाऐवजी चालणाऱ्या माणसाकडे पाहिलं. सपाट जमिनीवर माणसाचं पाऊल २४ इंच पडतं. सरळ उभ्या शिडीवर चढताना मात्र ते १२ इंचच वर जातं. म्हणजेच एक इंच वर चढायला पुढच्या चालीतले दोन इंच खर्ची पडतात. म्हणून उंची दोनदा! दोन उंची अधिक एक रुंदी बरोबर २४ इंच. हे इंच जुने फ्रेंच, म्हणून बेरीज जवळजवळ ६५ सेंटिमीटर येते. मेट्रिक पद्धत आली, फ्रेंच इंच गेला, आपल्या पुस्तकांत ६५ चे ६० झाले, पण सूत्राचा सांगाडा तोच राहिला.

अर्थात सूत्र डोळे मिटून वापरता येत नाही. राइजर २५ घेतला तर ट्रेड १० उरतो. त्यावर टाचसुद्धा मावणार नाही! म्हणून पुस्तकं आणखी एक चाळणी देतात : उंची आणि रुंदीचा गुणाकार ४०० ते ४५० मध्ये हवा. १५ आणि ३० दोन्हींतून पार होतात. मग ३ मीटरच्या मजल्याला २० राइजर, डॉग-लेग्डमध्ये दहा-दहाचे दोन फ्लाइट, मध्ये लँडिंग. जागा जास्त असेल तर ओपन-वेल, कमी असेल तर स्पायरल. प्रकार कुठलाही असो, पावलाचा हिशेब सुटत नाही.

ब्लोंदेलच्या आयुष्यातलं मोठं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून झालं. खांबांची प्रमाणं निसर्गनियमासारखी अटळ आहेत, असं त्याचं ठाम मत. क्लोद पेरो म्हणायचा की ती केवळ सवयीने सुंदर वाटतात. हा वाद पुढे खूप गाजला. ब्लोंदेल १६८६ साली पॅरिसमध्ये वारला. आज त्याच्या प्रमाणांनी खांब कोण काढतं? टिकलं ते ग्रंथाच्या एका कोपऱ्यातलं जिन्याचं सूत्र. मला वाटतं, कारण ते राजाच्या वैभवावरून नाही, तर पावलावरून काढलेलं होतं.

पण पाऊल कोणाचं? धडधाकट मोठ्या माणसाचं. लहान मुलाचं, गुडघे दुखणाऱ्या आजीचं नव्हे. म्हणून शाळेच्या, हॉस्पिटलच्या जिन्याला आकडे पुन्हा तपासावे लागतात. आणि सगळ्या पायऱ्या सारख्या असणं तर सूत्राहूनही महत्त्वाचं. दोन-चार पायऱ्या चढलं की पाय उंची पाठ करतो, नंतर डोळे खाली बघत नाहीत. मग कॉलम-स्लॅब झाल्यावर मागाहून फरशी बसवली आणि एकच पायरी दोन सेंटिमीटरने चुकली, की माणूस नेमका तिथेच अडखळतो.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी टेप हातात असेल तेव्हा हॉस्टेलच्या चार पायऱ्या मोजून बघा. पहिली आणि शेवटची तर नक्कीच.

— टी. ई. सिव्हिलची एक विद्यार्थिनी