बोटीचा रंग खरवडणारा चाकू बघितला आणि संत्र्याचा बागायतदार अमेरिकेचा सुरीवाला झाला

साल १९३७. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वलून लेक नावाचा एक तलाव आहे. लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेचं लहानपण उन्हाळ्याच्या सुट्टीत याच तलावाकाठच्या घरात गेलं. त्या वर्षी तिथे फ्लोरिडाहून एक पाहुणा आला होता. वय वर्षं २८, धंदा संत्र्या-लिंबांच्या बागांचा, नाव वॉल्टर डोन रँडल. घरचे-दारचे सगळे त्याला बो म्हणायचे.

फिरता फिरता बोला काठावर एक माणूस दिसला. तो आपल्या बोटीचा जुना रंग खरवडून काढत होता आणि त्यासाठी त्याने चक्क शिकारीचा चाकू हातात घेतला होता. चाकूची धार घालवायची असेल तर यापेक्षा सोपा मार्ग नाही. आपल्याकडे विळीवर कुणी नारळाची करवंटी घासायला घेतली तर घरातल्या आजीची जी अवस्था होईल तीच बोची झाली. पण जवळ जाऊन बघितलं तर पात्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं. धार शाबूत होती.

बोने तिथल्या तिथे तो चाकू विकत घेतला.

हा चाकू कुठल्या कारखान्यातला नव्हता. तो बनवला होता विल्यम स्केगल नावाच्या कारागिराने. स्केगल मिशिगनमध्येच मस्कीगन शहराजवळ राहायचा आणि एकट्याच्या वर्कशॉपमध्ये हाताने चाकू घडवायचा. १९२० च्या दशकात त्याचे चाकू ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात विकले जायचे. हो, तेच ॲबरक्रॉम्बी, जे आज मॉलमध्ये जीन्स आणि टीशर्ट विकतं. त्या काळात ते शिकारी आणि भटक्या लोकांचं दुकान होतं.

स्केगलचा चाकू ओळखायचा तो मुठीवरून. चामड्याच्या गोल चकत्या एकावर एक चढवायच्या, मध्ये पितळेच्या आणि रंगीत फायबरच्या पातळ पट्ट्या घालायच्या आणि शेवटी हरणाच्या शिंगाचा तुकडा बसवायचा. हातात धरला की तळव्यात चामडं आणि करंगळीपाशी शिंग. आज जगभरात हाताने बनवलेल्या चाकूंचे जे हौशी संग्राहक आहेत, त्यांच्या डोक्यात सुंदर मुठीचं जे चित्र असतं ते बऱ्याच अंशी इथून आलंय.

बो फ्लोरिडातल्या ऑरलँडोला परतला तो हा चाकू घेऊन. त्याला वाटलं, आपल्यालाही असा एक बनवता येईल का? त्याने गाडीच्या स्प्रिंगचं पोलाद घेतलं, तापवलं, ठोकलं, घासलं. लोहारकाम कुणी शिकवलेलं नव्हतं. पहिला चाकू झाला, मग दुसरा. मित्रांनी बघितले, मागितले. बागेचं काम संपलं की हा गडी भट्टीपाशी. त्यात पोट भरायचा प्रश्न नव्हता, कारण संत्री होती. त्यामुळे घाईही नव्हती. बोच्या चाकूंचा दर्जा टिकला त्यामागे ही निवांत सुरुवात होती, असं म्हणायला हरकत नाही.

पुढे त्याची आणि स्केगलची ओळख झाली आणि ती शेवटपर्यंत राहिली. स्केगल १९६३ मध्ये गेला.

आता थोडं शिंगाबद्दल, कारण इथे ही गोष्ट थेट आपल्या जंगलात येते.

मराठीत आपण बैलाचं पण शिंग म्हणतो आणि सांबराचं पण. प्रत्यक्षात दोन्ही वेगळी आहेत. बैलाचं शिंग जन्मभर राहतं. आत हाड आणि वरून नखासारख्या पदार्थाचं टोपण. सांबर, चितळ, बाराशिंगा यांचं शिंग म्हणजे सबंध हाडच. ते फक्त नराला येतं, वाढताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते, पूर्ण वाढलं की ती कातडी सुकून निघते आणि हंगाम संपला की अख्खं शिंग गळून पडतं. मग पुन्हा नवीन.

चाकूची मूठ करायला हे हाड फार सोयीचं. बाहेरून खडबडीत असतं, त्यामुळे ओल्या किंवा रक्ताने माखलेल्या हातातून सटकत नाही. त्यावरच्या खाचा, रेषा, तपकिरी-पांढऱ्या छटा दर शिंगात वेगळ्या. म्हणजे एकाच कारागिराचे, एकाच मापाचे दोन चाकू शेजारी ठेवले तरी मुठी सारख्या होत नाहीत. कलेक्टर मंडळी वेडी होतात ती याच गोष्टीने.

पण सगळी शिंगं कामाची नसतात. बऱ्याच हरणांच्या शिंगाच्या गाभ्यात स्पंजासारखा पोकळ भाग मोठा असतो. कापलं की भुसभुशीत. सांबराचं शिंग मात्र घट्ट आणि भरीव. म्हणून इंग्लंड, जर्मनी, अमेरिका इथल्या चाकू बनवणाऱ्यांना भारतातलं सांबरशिंग हवं असायचं आणि कित्येक दशकं ते इथून जहाजाने जायचं.

सांबरशिंग हा शब्द मराठी घरांना नवा नाही. सहाणेवर उगाळून दुखऱ्या जागी लावायला जुन्या माणसांच्या पेटीत त्याचा एखादा तुकडा असायचाच. आज मात्र प्रकरण कायद्याचं आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सांबराला लागू आहे. ताडोबा, मेळघाट, नागझिरा कुठेही फिरताना गळून पडलेलं शिंग दिसलं तरी ते उचलून घरी आणता येत नाही. कारण साधं आहे. शिंग गळालेलं आहे की जनावर मारून काढलेलं, हे एकदा मूठ तयार झाल्यावर कोण सांगणार? शिंगाला भाव आला की बंदुकीलाही काम मिळतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारतातून होणारी निर्यात थांबली आणि परदेशी बाजारात जुन्या भारतीय शिंगाच्या मुठीचा भाव वाढला. कुणाला आवडो न आवडो, संग्राहकांच्या या हौसेचं एक बिल आपल्या जंगलाच्या नावावर फाडलं गेलंय.

असो. पुन्हा ऑरलँडोला जाऊ.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. गावागावातली पोरं भरती व्हायला लागली. अशाच एका लढाईवर निघालेल्या तरुणाने बोकडे चाकू मागितला. शिकारीचा नाही, समोरासमोर माणसाशी लढायचा. बोने आजवर हरीण सोलायला आणि मासे साफ करायला चाकू बनवले होते. आता लांब, दोन्ही बाजूंनी वापरता येईल असं पातं, हात घसरू नये म्हणून पितळेचा आडवा दांडा आणि चामड्याची मूठ अशी रचना तयार झाली. रँडलच्या यादीत आजही ती मॉडेल क्रमांक १ म्हणून पहिल्या पानावर आहे.

तो चाकू इतर सैनिकांनी बघितला. वर्तमानपत्रात बातमी आली. आणि मग पत्रांचा पाऊस पडला. पॅसिफिकमधल्या बेटांवरून, युरोपातून, ट्रेनिंग कॅम्पमधून पोरं लिहायला लागली. अनेकांना बोचं नावसुद्धा माहीत नव्हतं. लिफाफ्यावर पत्ता असायचा फक्त सुरीवाला, ऑरलँडो, फ्लोरिडा. आणि पोस्टमन बरोबर आणून द्यायचा.

मागवणाऱ्यांमध्ये लष्कराच्या हवाई दलातला एक कॅप्टनही होता. सिनेमात काम करायचा. नाव रोनाल्ड रेगन. चाळीसेक वर्षांनी तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

मागणी इतकी वाढली की बोला एकट्याला झेपेना. काही काळ मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे कंत्राट देऊन चाकू बनवून घ्यावे लागले. संग्राहकांच्या जगात हे स्प्रिंगफील्डचे चाकू आता वेगळ्या रांगेत मोजले जातात. त्यावेळी ती नाइलाजाची सोय होती, आज तोच दुर्मिळ माल आहे.

युद्ध संपलं तशी लढाईच्या चाकूंची गरज ओसरली, पण बोचं नाव झालं होतं. स्वीडनहून आणलेलं टूल स्टील, हाताने घडवलेलं पातं, हाताने लावलेली धार. गिऱ्हाइकाने पात्याची लांबी सांगायची, मूठ चामड्याची हवी की शिंगाची ते सांगायचं आणि वाट बघायची. पुढे कोरिया, मग व्हिएतनाम. प्रत्येक युद्धात ऑरलँडोच्या पत्त्यावर पत्रं वाढायची. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांसाठी रँडल चाकू कमरेला असणं ही मिरवायची गोष्ट होती. पगार तुटपुंजा, तरी स्वतःच्या खिशातून पैसे घालून पोरं तो मागवायची.

या चाकूची सगळ्यात भन्नाट गोष्ट मात्र जमिनीवरची नाहीच.

नासाने माणूस अवकाशात पाठवायची तयारी सुरू केली तेव्हा एक प्रश्न होता. यान परत येताना भलत्याच ठिकाणी, जंगलात वगैरे उतरलं तर? अंतराळवीराकडे एक भरवशाचं पातं हवं. मर्क्युरी मोहिमेतला अंतराळवीर गॉर्डन कूपर आणि बो यांनी मिळून एक चाकू ठरवला. नाव पडलं ॲस्ट्रो. इथे शिंगाची मूठ नव्हती, हौसेला जागाच नव्हती.

२१ जुलै १९६१ ला गस ग्रिसम लिबर्टी बेल ७ या यानातून अवकाशात जाऊन आला. यान अटलांटिक महासागरात उतरलं आणि त्याचं दार वेळेआधीच उडालं. आत पाणी शिरलं. ग्रिसम कसाबसा बाहेर पडला आणि बुडता बुडता वाचला. हेलिकॉप्टरने यान उचलायचा प्रयत्न केला, पण पाण्याने भरलेलं वजन पेलेना. शेवटी सोडून द्यावं लागलं. यान गेलं तळाला, सुमारे ४,९०० मीटर खोल. आणि त्याच्यासोबत रँडलचा चाकूही.

तब्बल ३८ वर्षांनी, जुलै १९९९ मध्ये, ते यान वर काढण्यात आलं. आतल्या कित्येक वस्तूंची खाऱ्या पाण्याने वाट लावली होती. चाकू सापडला. साफ केल्यावर तो अजूनही चाकूच होता. वलून लेकच्या काठावर ज्या गोष्टीने बो थबकला होता, तीच गोष्ट महासागराच्या तळाशी पुन्हा घडली. पण हे बघायला तो नव्हता.

हाताने बनवलेले चाकू जमवणारे लोक नेमकं काय बघतात, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. रँडलच्या बाबतीत नुसतं पातं बघून भागत नाही. म्यानही बघतात. जुनी म्यानं डेन्व्हरच्या हायझर कंपनीकडून यायची, १९६० च्या दशकात ती जॉन्सनकडून यायला लागली. म्यानावरच्या शिक्क्यावरून चाकूचं वय ताडतात. मुठीतल्या चकत्यांचे रंग आणि संख्या मोजतात. शिंगाची मूठ असेल तर तडा गेलाय का, आक्रसून धातूपासून सुटलीय का हे नखाने चाचपतात. कोरा करकरीत चाकू महाग जातो. पण ज्याच्यासोबत सैनिकाचं पत्र किंवा नाव आहे असा घासलेला, वापरलेला चाकू आला की खोलीतली बोली त्याच्यावर लागते.

टेक्सासच्या एका घरातही असाच एक चाकू होता. वडील वकील. युद्धावर जाताना त्यांच्या बायकोने त्यांना रँडलचा चाकू दिला होता. ते परत आले, चाकूही आला. पुढे मुलगा स्काऊटच्या शिबिराला तो घेऊन गेला आणि झाडावर फेकताना पात्याचं टोक मोडून बसला. वडील त्याला एक अक्षर बोलले नाहीत. चाकू खणात ठेवून दिला. वर्षानुवर्षं तो तिथेच राहिला. वडील गेले तेव्हा मुलगा चाळिशीकडे झुकला होता आणि त्याला रडू येत नव्हतं. वडिलांच्या वस्तूंमधलं काय हवं विचारल्यावर त्याने तो टोक मोडलेला चाकू मागितला. तो हातात आला आणि बांध फुटला.

हा मुलगा म्हणजे गायक गाय क्लार्क. त्याने यावर द रँडल नाइफ नावाचं गाणं केलं आणि ते १९८३ मध्ये बेटर डेज या अल्बममध्ये आलं. ज्यांनी आयुष्यात चाकूला हात लावला नाही अशा लाखो लोकांना रँडल हे नाव या गाण्यामुळे कळलं.

बो तेव्हा हयात होता. १९८९ च्या नाताळात, २५ डिसेंबरला, तो गेला. वय ८०. दुकान मुलाने, गॅरीने सांभाळलं. ऑरलँडोमध्ये भट्टी अजून चालू आहे आणि तिला लागूनच एक संग्रहालय आहे. बोने आयुष्यभर जमवलेले हजारो चाकू आणि शस्त्रं तिथे मांडलीयत, कारण दुसऱ्यांचे चाकू जमवायची हौस त्यालाही होतीच. त्यात एक भाग विल्यम स्केगलचा आहे. चामड्याच्या चकत्या, पितळेच्या पट्ट्या आणि टोकाला हरणाचं शिंग.

आज तिथे नवीन चाकू मागवायचा म्हटलं तर आगाऊ रक्कम भरून रांगेत नंबर लावावा लागतो आणि काही वर्षं थांबावं लागतं.